वेगळं बसवलेल्या बायका

डिसेंबर 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या शिकल्यासवरल्या, घरंदाज बायका त्याला आल्या होत्या. नागपूरच्या दलित वस्तीत मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरीही गेल्या. स्त्रियांच्या उन्नतीसाठी भरलेली सभा, तेव्हा आपलीही जागा तिथे आहे असं त्यांना वाटलं असेल तर त्यात गैर काही नव्हतं. जेवणाची वेळ झाली आणि त्यांना इतर बायकांपासून वेगळं बसवण्यात आलं. आपल्याकडे पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसतं याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जाईबाईंना तो अर्थ आयुष्यभर कळत आला होता. फरक एवढाच की या वेळी तो स्त्रीमुक्तीच्या मांडवात कळला.

यावर दलित स्त्रियांनी काय केलं, ते महत्त्वाचं. 1 जानेवारी 1938 रोजी त्यांनी नागपुरातच सभा घेतली आणि या वागणुकीचा जाहीर निषेध केला. निषेधाच्या सभा पुष्कळ होतात, दुसऱ्या दिवशी विसरल्याही जातात. ही सभा विसरली गेली नाही, कारण साडेचार वर्षांनी याच शहरात याच बायकांनी हजारोंची स्वतःची परिषद भरवून दाखवली. तिच्याकडे वळण्याआधी थोडं लांब जाऊन येऊ. अगदी असाच प्रसंग पंचवीस वर्षं आधी अमेरिकेत घडला होता आणि अशा वेगळं ठेवण्यातूनच उभ्या राहिलेल्या तिथल्या संघटना शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत.

3 मार्च 1913. नवे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीचा आदला दिवस. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला. दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका नाराज होतील, या धास्तीने आयोजकांनी काळ्या स्त्रियांना मोर्च्यात मागे, वेगळं चालायला सुचवलं. आयडा बी. वेल्स या शिकागोच्या धडाडीच्या पत्रकार होत्या. त्यांनाही त्यांच्या इलिनॉय राज्याच्या तुकडीतून मागे जायला सांगण्यात आलं. त्या गर्दीत शिरल्या, रस्त्याच्या कडेला थांबल्या, आणि इलिनॉयची तुकडी समोरून जाऊ लागली तशा सरळ तिच्यात जाऊन चालू लागल्या. त्याच मोर्च्यात हॉवर्ड विद्यापीठाच्या काळ्या विद्यार्थिनींची एक तुकडी होती. त्यांच्या संघटनेचं वय होतं अवघे सात आठवडे. 13 जानेवारी 1913 रोजी 22 मुलींनी स्थापन केलेल्या या संघटनेचं नाव डेल्टा सिग्मा थीटा. जन्मानंतरचं तिचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे हा मोर्चा.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मुलींची अशी मंडळं असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. नाव ग्रीक अक्षरांचं, ठरलेले रंग, प्रवेशाचे विधी, काही गुपितं आणि एकमेकींना बहिणी मानायची शपथ. गोऱ्या मुलींच्या सोरॉरिटीत काळ्या मुलींना प्रवेश नव्हता. अनेक विद्यापीठांत तर वसतिगृहातही नव्हता, गावात कुणाच्या तरी घरी खोली शोधावी लागे. मग त्यांनी आपल्या सोरॉरिटी आपणच काढल्या. पहिली अल्फा कप्पा अल्फा, 15 जानेवारी 1908, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. तिची कल्पना एथेल हेजमन या विद्यार्थिनीची. तिच्यातूनच पाच वर्षांनी डेल्टाच्या मुली वेगळ्या झाल्या, कारण त्यांना राजकारणात आणि समाजकार्यात जास्त उतरायचं होतं. 1920 मध्ये हॉवर्डलाच झीटा फाय बीटा निघाली आणि 1922 मध्ये इंडियानापोलिसला सात शिक्षिकांनी सिग्मा गॅमा रो काढली. कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा गुलाबी-हिरव्या कपड्यातल्या बायका जागोजागी आनंद साजरा करताना दिसल्या, त्या अल्फा कप्पा अल्फाच्या. हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना या सोरॉरिटीत आल्या होत्या.

गोऱ्यांच्या सोरॉरिटीपेक्षा या संघटनांचा एक पैलू निराळा आहे आणि माझ्या मते त्यांचं सगळं बळ तिथेच आहे. पदवी हातात पडली की इथलं सदस्यत्व संपत नाही, उलट तेव्हा ते खरं सुरू होतं. मुलगी नोकरीसाठी ज्या गावी जाईल तिथल्या पदवीधर शाखेत तिने नाव घालायचं. त्या काळी शिकलेल्या काळ्या मुलीला नोकरी कुठली मिळणार? शिक्षिकेची, नर्सची, फार तर समाजसेवा खात्यातली. म्हणजे गावोगावच्या शाखा या मुख्यतः मास्तरणींच्या. महिन्याला बैठक, ठरलेली वर्गणी, हिशेब, इतिवृत्त. अल्फा कप्पा अल्फात शाखेच्या अध्यक्षांना ‘बॅसिलियस’ म्हणतात आणि चिटणीसांना ‘ग्रॅमेटियस’. ग्रीक नावांची ही हौस आपल्याला गमतीची वाटेल, पण जिला बाहेरचं जग पहिल्या नावाने, एकेरीत हाक मारत होतं, त्या बाईला महिन्यातून एकदा तरी मानाच्या पदवीने कुणीतरी पुकारत होतं. वर्षातून एकदा समारंभ भरवून शाखा पैसे उभे करी आणि गावातल्या एक-दोन हुशार मुलींना शिष्यवृत्ती देई. बहुतेक शाखांचा इतिहास असाच, छोट्या रकमांचा आणि लांब चिकाटीचा आहे.

या छोट्या रकमांतून एक मोठं काम उभं राहिलं, ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे.

1930 नंतरच्या मंदीत मिसिसिपी राज्यातल्या काळ्या शेतमजुरांची अवस्था भीषण होती. कापसाचे मोठमोठे मळे, वाट्याने शेती करणारी कुटुंबं, मालकाच्या दुकानातली उधारी आणि डॉक्टर कोसच्या कोस नाही. ओकलंडच्या शिक्षिका आयडा लुईस जॅक्सन यांनी 1934 च्या उन्हाळ्यात तिथल्या खेड्यांतल्या शिक्षकांसाठी अल्फा कप्पा अल्फातर्फे प्रशिक्षण वर्ग घेतला. तिथे गेल्यावर कळलं की मुलं शाळेत बसण्याइतकी धडधाकटच नाहीत, शिकवणार काय? पुढच्या वर्षी, 1935 मध्ये, होम्स काउंटीत आरोग्य मोहीम सुरू झाली. प्रमुख होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. दवाखाना एका जागी मांडायचा आणि लोकांना बोलवायचं, असा बेत होता. मळेमालकांनी तो हाणून पाडला. बाहेरून आलेल्या शिकलेल्या काळ्या बायका मजुरांना काहीबाही शिकवतील, संघटना काढतील, या भीतीने त्यांनी माणसांना मळ्याबाहेर जाऊच दिलं नाही. मग फेरेबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मोटारींत लसी आणि औषधं भरली आणि दवाखानाच मळ्यांवर नेला. धुळीचे रस्ते, मिसिसिपीचा उन्हाळा, आणि काही ठिकाणी तपासणी चालू असताना मालकाचा माणूस घोड्यावर बसून पहारा देत उभा.

घटसर्प आणि देवीच्या लसी, दातांची तपासणी, गुप्तरोगांवर उपचार, आहाराची माहिती असं हे काम 1942 पर्यंत बहुतेक उन्हाळ्यांत चाललं. पंधरा हजारांहून अधिक मुलांना लसी टोचल्या गेल्या. सरकारी योजना नव्हती, परोपकारी शेठजी नव्हता. देशभरच्या शाखांमधल्या मास्तरणींच्या वर्गणीवर आणि सुट्टीवर हे चाललं. पुढे युद्धकाळातल्या पेट्रोलच्या रेशनिंगमुळे मोटारी फिरवणं अवघड झालं आणि मोहीम थांबली. डेल्टानेही 1937 पासून ग्रंथालयाची योजना हाती घेतली. जिथे काळ्या लोकांना सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकता येत नसे, तिथे पेट्यांतून आणि नंतर गाडीतून पुस्तकं पोहोचवली.

या संघटनांवर टीका झाली नाही असं नाही, आणि ती रास्तही होती. ई. फ्रँकलिन फ्रेझिअर या काळ्या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात आपल्याच समाजातल्या मध्यमवर्गाची सालटी काढली. मेजवान्या, दिखावा, गोऱ्यांची नक्कल यांत ही मंडळी गुंतली आहेत, असा त्याचा रोख होता. शाखेत कुणाला घ्यायचं हे ठरवताना घराणं पाहिलं जाई, कधी कातडीचा उजळपणाही. बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःचा वाडा बांधला की त्यालाही दार आणि दरवान असतोच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता विदर्भात परत येऊ. हॉवर्डच्या मुली 1908 साली सोरॉरिटी काढू शकल्या, कारण त्यांच्यासाठी 1867 पासून एक विद्यापीठ उभं होतं. त्याच सुमारास नागपुरात काय होतं? किसन फागुजी बनसोडे यांनी 1907 मध्ये काढलेली चोखामेळा मुलींची शाळा. मोहप्याचे हे बनसोडे पुढे ‘मजूर पत्रिका’सारखी पत्रं चालवणारे पत्रकार म्हणून गाजले. त्यांच्या पत्नी तुळसाबाई छापखान्याच्या कामात आणि मुलींना शिकवण्यात त्यांच्या बरोबरीने होत्या. अमेरिकेतल्या बहिणींच्या हातात पदवी होती, इथल्या बायकांच्या हातात नुकती पाटी आली होती. दोन्हीकडच्या संघटनांची तुलना करताना हे अंतर विसरलं तर सगळा हिशेब चुकतो.

जाईबाई चौधरींचं आयुष्य म्हणजे हे अंतर एका बाईने किती कापलं याची नोंद आहे. जन्म 1892, उमरेडचा. 1896 च्या दुष्काळाने कुटुंब नागपूरला आणून टाकलं. नवव्या वर्षी लग्न. घर चालवायला त्यांनी डोक्यावर ओझी वाहिली, हमाली केली. थोडंफार लिहितावाचता येत होतं. ते मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून लावलं. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे सवर्ण पालकांना कळलं तशी मुलं काढून घेतली गेली. नोकरी गेली, पुन्हा हमाली आली. त्यांनी 1922 मध्ये नागपूरच्या नव्या वस्तीत संत चोखामेळा कन्या शाळा काढली. आपल्या मुलींना शिकवणारी शाळा आपणच काढायची, हा तो धडा. हॉवर्डच्या मुलींनीही तोच घेतला होता, पण जाईबाईंच्या पाठीशी ना विद्यापीठ होतं ना वर्गणी देणाऱ्या पदवीधर बहिणी. मे 1920 मध्ये नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, तिच्यात तुळसाबाई बनसोडे आणि इतर स्त्रिया बोलल्या होत्या, हे मात्र त्यांच्या पाठीशी होतं. राधाबाई कांबळे यांच्यासारखी गिरणी कामगार बाईही होती. 1929-30 च्या सुमारास शाही मजूर आयोग आला तेव्हा तिने आयोगापुढे कामगार बायकांची कैफियत मांडली.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्या 1913 साली डेल्टाच्या मुली वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या, त्याच साली उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. विद्यापीठाच्या शेजारचा हार्लेमचा भाग तेव्हा काळ्या लोकांची मोठी वस्ती म्हणून आकाराला येत होता. या मुली आणि तो विद्यार्थी कधी भेटले असा पुरावा नाही आणि तसा बनवण्याची गरजही नाही. पण वेगळं बसवलेल्यांनी आपलं व्यासपीठ आपण उभं करायचं, हा विचार त्या काळी समुद्राच्या दोन्ही बाजूंना वाढत होता. 1946 मध्ये आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, त्यात दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख आहे.

18 आणि 19 जुलै 1942 या दिवशी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची मुहूर्तमेढ रोवली गेली. 20 तारखेला त्याच मांडवात स्त्रियांची परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या. जुलै म्हणजे ऐन पेरणी-निंदणीचे दिवस, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या गर्दीचं वजन कळतं. शेतमजूर बाईचा रोज बुडणं म्हणजे काय ते वऱ्हाडात सांगावं लागत नाही. स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील, सरचिटणीस इंदिराबाई पाटील आणि अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वऱ्हाडची बाई अखिल भारतीय परिषदेची अध्यक्ष, ही गोष्ट आमच्या भागात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. आंबेडकर या परिषदेत बोलले. समाजाची प्रगती मोजायची तर त्यातल्या स्त्रियांची प्रगती किती झाली ते बघतो, या आशयाचं त्यांचं वाक्य तिथलंच. आता ते भिंतीभिंतींवर लिहिलेलं दिसतं. त्या दिवशी सुलोचनाबाई काय बोलल्या ते मात्र कुठल्या भिंतीवर नाही. 1942 साली, भरसभेत, अध्यक्षपदावरून त्या संततिनियमनाची गरज सांगत होत्या.

ठरावही वाचण्यासारखे आहेत, कारण ते ज्यांच्या पोटातून आले ते लगेच ओळखू येतं. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा, एका बायकोवर दुसरी करण्याला बंदी यावी, हे घरातलं. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना किरकोळ रजा, वर्षाला एक महिना भरपगारी रजा, अपघाताची भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर महिना पंधरा रुपये निवृत्तिवेतन, हे कामावरचं. गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच नेमाव्यात, असाही एक ठराव होता आणि तो कशामुळे आला असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. सरकारने प्रत्येक प्रांतात पन्नास मुलींची सोय होईल असं वसतिगृह सरकारी खर्चाने चालवावं. विधिमंडळांत आणि स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी जागा राखाव्यात. साडेचार वर्षांपूर्वी याच शहरात शिकलेल्या बायकांच्या अधिवेशनात ज्यांना वेगळं बसवलं, त्यांनी मांडलेली ही यादी आजही त्या काळच्या कुठल्याही स्त्री-परिषदेच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. विडी वळणाऱ्या बाईच्या रजेचा हिशेब त्यांतल्या किती याद्यांत सापडतो?

शिवाय या यादीला पत्ता होता. त्याच जुलै महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले होते. रजा, भरपाई, देखरेख हे सगळे विषय आता त्यांच्याच खात्याचे. सभेतल्या पाहुण्याकडेच अर्ज द्यावा तसं ते झालं. पुढच्या चार वर्षांत खाणींतल्या बायकांच्या प्रसूती-रजेच्या कायद्यातल्या सुधारणांसह मजुरांसाठीचे अनेक बदल झाले. ते सगळे नागपूरच्या ठरावांमुळे झाले, असं मी म्हणणार नाही. पण हा माणूस दिल्लीत जाऊन बसण्याआधी कुणाचं ऐकून गेला, हे नोंदलेलं बरं.

संघटना म्हणून मात्र पुढची वाटचाल तशी झाली नाही. अखिल भारतीय दलित महिला फेडरेशनची परिषद 1945 मध्ये मुंबईला भरली, अध्यक्ष मद्रासच्या मीनाम्बाळ शिवराज होत्या. नंतर पक्षाच्या निवडणुका, मग धर्मांतर, मग 1957 मध्ये पक्षच विसर्जित होऊन रिपब्लिकन पक्ष. महिला फेडरेशन त्यात विरघळून गेलं. इथेच सोरॉरिटीशी तुलना बोलकी ठरते. त्यांची संघटना कुठल्या पक्षाची शाखा नव्हती, म्हणून पक्ष पडले-उठले तरी ती तगली. आपल्या बायकांची परिषद पुरुषांच्या परिषदेच्या मांडवात, तिच्या दुसऱ्या दिवशी भरली होती. त्यामुळे वीस-पंचवीस हजार बायका जमल्या हे खरं, आणि मांडव दुसऱ्याचा असल्यामुळे तो उठला तेव्हा त्यांनाही उठावं लागलं, हेही खरं. दोष कुणाचा हा प्रश्न नाही. महिन्याची वर्गणी देऊ शकतील अशा नोकरदार बायका तेव्हा विदर्भात मोजक्याच होत्या, आणि वर्गणीशिवाय कुठलीही संघटना फार काळ स्वतःच्या पायावर उभी राहत नाही.

तरीही ते सगळं विरून गेलं असं म्हणता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर विदर्भाच्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत बायकांची मंडळं उभी राहिली, त्यांना ना केंद्रीय कचेरी होती ना छापील घटना. रमाईच्या नावाची, कुठे सावित्रीबाईंच्या नावाची. वाशीम जिल्ह्यात, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळका रेल्वेसारख्या गावांच्या पट्ट्यात हिंडलं की आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात याची खूण सापडते. संध्याकाळी कामावरून आल्यावर, भाकरी थापून झाल्या की पांढरी साडी नेसून बायका विहारात जमतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. वाचणारी बहुधा शिकलेली सून किंवा शाळेतली पोरगी, ऐकणारी सोयाबीन निंदून आलेली सासू. तीन महिन्यांनी समारोपाला वर्गणीतून जेवण. 7 फेब्रुवारीची रमाई जयंती, 14 एप्रिल, 6 डिसेंबरसाठी मुंबईला जायची तयारी, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिल्या दिवसाचा चहा-भाकरी, लग्नात भांडी, असं या मंडळांचं काम. इंग्रजीत ज्याला समाजसेवा म्हणून अहवालात लिहितात ते इथे कुणी कशात लिहीत नाही. चंद्रपूरला 1996 च्या डिसेंबरमध्ये विकासवंचित दलित महिला परिषद झाली आणि 25 डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, अशी कल्पना तिथे पुढे आली. आता अनेक मंडळं तो दिवस पाळतात.

त्यात गेल्या तीसेक वर्षांत बचत गट आले. नाबार्डने 1992 मध्ये देशभरात पाचशे गटांचा प्रयोग केला, त्यातून हे लोण पसरलं. महाराष्ट्रात 24 फेब्रुवारी 1975 ला स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि 2011 पासून ‘उमेद’ अभियान यांनी ते गावागावात नेलं. दहा-बारा बायका, आठवड्याची बैठक, ठरलेली बचत, गटातल्या गटात कर्ज, त्यावर गावपातळीला ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ. रचना पाहिली तर सोरॉरिटीच्या स्थानिक शाखेच्या जवळ जाणारी आपल्याकडची चीज हीच. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आणि 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला वाशीमसारखा जिल्हा घ्या. इथे बाईच्या नावावर बँकेचं खातं आणि हातात कर्जाचा हप्ता आला, त्यात गटाचा मोठा वाटा आहे.

या गटांविषयी एक गोष्ट अहवालांत फारशी लिहिली जात नाही. गट शेजाऱ्यापाजाऱ्यांचा करायचा असतो, आठवड्याला बसणं सोपं जावं म्हणून. आणि वऱ्हाडातल्या गावात शेजार म्हणजे बहुधा जात. त्यामुळे बौद्ध वस्तीतला गट बौद्ध बायकांचा, वरच्या आळीतला वरच्या आळीचा. ग्रामसंघाच्या सभेत मात्र सगळ्यांना एका सतरंजीवर बसावं लागतं, अध्यक्ष निवडावी लागते, एकमेकींच्या कर्जाला मान्यता द्यावी लागते. कुठे हे सहज होतं, कुठे चहाच्या कपावर अडतं. सरकारी साहेब येतो तेव्हा सगळ्या एकत्र बसतात, हे तर आहेच. पण जी बाई विहारात दहा वर्षं उभं राहून वाचत आली आहे ती ग्रामसंघाच्या सभेत हिशेब विचारायला उभी राहते तेव्हा तिचा आवाज कापत नाही, हे मी पाहिलं आहे.

1942 च्या ठरावांतलं काय हाती आलं? घटस्फोट आणि एकपत्नीत्व 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने, तो बौद्धांनाही लागू आहे. वसतिगृहं समाजकल्याण खात्याने काढली, त्यांत आज प्रवेशासाठी रांग असते. स्थानिक संस्थांतल्या राखीव जागा महाराष्ट्रात 1990 च्या दशकात एक तृतीयांश झाल्या आणि 2011 मध्ये निम्म्या, त्यात अनुसूचित जातीच्या स्त्रियांचा वाटा वेगळा. विडी वळणाऱ्या बाईची भरपगारी रजा कायद्याच्या कागदावर तरी आली, निंदणी-वेचणीच्या मजुरीला जाणाऱ्या बाईची मात्र अजून यायची आहे.

अल्फा कप्पा अल्फाचे कागद हॉवर्ड विद्यापीठाच्या मूरलँड-स्पिंगार्न संशोधन केंद्रात जपून ठेवलेले आहेत.  आपल्याकडे 1942 च्या परिषदेचा अहवाल छापला गेला म्हणून ठराव तरी कळतात. बाकी जाईबाई, तुळसाबाई, राधाबाई यांच्याविषयी जे काही माहीत आहे ते बरंचसं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या पायपिटीमुळे. दोघींनी वस्त्यांत, खेड्यांत म्हाताऱ्या बायका शोधून त्यांना बोलतं केलं आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्यांनी दहा वर्षं उशीर केला असता तर त्यातल्या किती जणी भेटल्या असत्या?

बचत गटाची इतिवृत्त वही बँक मागते म्हणून ती नीट राहते. मंडळाची वही कुणी मागत नाही. वर्षावासाच्या वर्गणीची यादी, समारोपाच्या जेवणाचा किराणा, भांडी घेतली त्याची पावती, 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा एखादा रंग उडालेला फोटो. वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांत हे सगळं अजून पत्र्याच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. त्यावर वर्ष आणि बायकांची नावं लिहायला एक पेन आणि एक दुपार पुरते, आणि ती नावं सांगू शकणारी आजी बहुतेक घरांत अजून आहे.